डोंगरातला ओढा, पावसाळा आणि कयाक: केळघर ते मेढा जमेल का?

वेण्णाकाठ

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातला केळघर घाट उतरून मेढ्याकडे यायला लागलं की वेण्णा सोबतीला येते. महाबळेश्वरच्या माथ्यावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला आमचा वाटा लिंगमळा धबधब्यावरून उडी घेऊन खाली येतो. पुढे कण्हेर धरणात गेल्यावर तिची नदी होते, पण वरच्या अंगाला ती अजून ओढाच आहे. कुठे वल्हं दोन्ही हातांनी मोकळं फिरवता येईल एवढी जागा, कुठे तेवढीही नाही.

गेली काही वर्षं मी धरणाच्या फुगवट्यावर कयाक, म्हणजे वल्ह्यानं चालवायची अरुंद होडी, चालवतो. ते पाणी छान आहे, पण निपचित आहे. मला आता वाहतं पाणी हवंय. रस्त्यावरून ओढा दिसतो तो वरून. कयाकमध्ये बसलं की डोळे पाण्यापासून हातभर उंचीवर येतात, आणि पुढचा प्रत्येक दगड तुम्हाला विचारतो की डावीकडून जाणार की उजवीकडून. ते मला माझ्या गावच्या पाण्यात करायचं आहे.

तीन प्रश्न आहेत. कोणत्या महिन्यात पाणी जमण्याजोगं असतं? बोट कसली घ्यावी? आणि वेण्णा, कुडाळी, उरमोडी, तारळी, केरा, मोरणा, वांग यांपैकी कुठल्याही पाण्यात वरच्या अंगाला कोणी वल्हं मारलं आहे का? धरणाखालचं मोठं पाणी नको, ओढाच हवा.

सह्यभटक्या

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. नका करू. दर पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात धबधब्याखाली नाहीतर ओढ्यात माणूस जातो आणि मग ट्रेकर पोरं दोर घेऊन रात्रभर कातळात लोंबकळतात. त्या पोरांमध्ये मी असतो. शोधायला जाणाऱ्याचाही जीव असतो.

माणदेशी_गडी

आमच्या माणगंगेत कयाक घालायची तर आधी तिला चाकं बसवावी लागतील. तुम्ही पाण्यावर भांडताय हे बघूनच गार वाटलं. चालू द्या.

पश्चिमघाट_पॅडलर

सह्यभटक्या, तुमचा अनुभव मी मान खाली घालून ऐकतो. पण पाय घसरून पाण्यात पडलेला माणूस आणि हेल्मेट, लाइफ जॅकेट घालून, पाणी वाचायला शिकून उतरलेला माणूस यांना एका रांगेत बसवू नका.

वेण्णाकाठ, तुम्ही म्हणताय ते केरळात होतं. कोझिकोड जिल्ह्यात कोडंचेरीच्या परिसरात चालिप्पुळा आणि इरुवंजिप्पुळा हे याच पश्चिम घाटातून उतरणारे छोटे प्रवाह आहेत. २०१३ पासून तिथे मलबार रिव्हर फेस्टिव्हल भरतो, भर पावसाळ्यात. परदेशातले नावाजलेले कयाकर येतात, गावातली पोरं काठावर उभी राहून ओरडतात. मी तिथे शिकलो. म्हणजे घाटातला ओढा ही कयाकची जागा आहे, यात मला शंका नाही.

पण तिकडचं शिक्षण जसंच्या तसं इकडे चालत नाही, आणि त्याचं कारण खडक आहे. तिकडे ग्नाइस जातीचा जुना स्फटिकी खडक, त्याचे गोल मोठे धोंडे, त्यांच्यातून पाणी वळणं घेत उतरतं. आपला बसाल्ट लाव्ह्याच्या थरावर थर बसून झालेला. त्यामुळे आपले ओढे उताराने कमी आणि पायऱ्यांनी जास्त उतरतात. बराच वेळ सपाट कातळ, पाणी घोट्याएवढं, बोटीचा तळ घासतोय, आणि मग एकदम कड. बसलेल्या माणसाला पुढचं पाणी दिसेनासं होतं, फक्त एक आडवी रेघ दिसते. ती रेघ दिसली की काठाला लागायचं, उतरायचं, चालत पुढे जाऊन बघायचं. खाली डोह असेल तर एक गोष्ट, खाली कातळ असेल तर बोट खांद्यावर. रांजणखळगे, म्हणजे पाण्यानं कातळात कोरलेले खड्डे, तर आणखी वाईट. वरून पाणी गुळगुळीत दिसतं आणि आत भोवरा असतो.

बोटीचं: फुगवट्यावरची लांब कयाक इथे उपयोगाची नाही. ओढ्यासाठी क्रीक बोट येते, आठ-नऊ फुटी, गुबगुबीत, नाक-शेपूट वर उचललेली, जाड प्लास्टिकची. नाक वर असल्यामुळे उडीनंतर ती खाली रुतत नाही, आणि पोटात हवा जास्त असल्यामुळे बुडाली तरी पटकन वर येते.

कुडाळी_खोरे

आमी शेतकरी मानसं, आमाला बोटीतलं कळत न्हाई, पर वड्यातलं कळतं. म्हयना इचारलाय म्हनून सांगतो. म्हयन्यावर जाऊ नका, नक्षत्रावर जावा.

मिरगात वडा नुसता भिजतो. आर्द्रात पानी येतं त्ये लाल, संगं काटंकुटं, मेलेली जनावरं, समदं घिऊन. तरना आन म्हातारा, म्हंजी पुनर्वसू आन पुष्य, या दोन पावसात वड्याचा काय भरवसा नसतो. हितं ऊन पडलेलं असतं आन वर महाबळेश्वराला कोसळत असतं. तासाभरात कमरंएवढं पानी डोक्याच्या वर. आसळकातबी त्येच. मघा-पूर्वा लागली की पानी निवळतं, तळाचा धोंडा दिसाय लागतो, वडा एका मापात व्हातो. उत्तरा लागस्तवर त्यो तसाच ऱ्हातो. तुमचं जे काय हाय ते तवा करा. हस्तात परत नको. हस्ताचा पाऊस दुपारनंतर गडगडून येतो आन सांगून येत न्हाई.

वेण्णाकाठ

कुडाळी_खोरे, दादा, हे सोन्यासारखं सांगितलंत. म्हणजे ऑगस्टचा दुसरा पंधरवडा ते सप्टेंबरचा तिसरा आठवडा. माझ्या डोक्यात जुलै होता, तो आता काढून टाकतो.

जावळीचा_वाघ

'येता जावली, जाता गोवली' हे मोऱ्यांनी कयाकवाल्यांसाठीच म्हणून ठेवलं असणार.

पाटबंधारे_निवृत्त

माझी सगळी नोकरी या भागातल्या बंधाऱ्यांवर गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. कृपया शेवटपर्यंत वाचा. धबधब्याला लोक घाबरतात आणि बंधाऱ्याला घाबरत नाहीत, हे मी आयुष्यभर बघितलं.

तुमच्या वाटेत तीन प्रकारची बांधकामं येतील.

पहिला, सिमेंटचा नाला बांध. ओढ्याला आडवी घातलेली सलग भिंत, पुरुषभर किंवा त्याहून कमी उंच. पाणी या काठापासून त्या काठापर्यंत एकसारखं भिंतीवरून पडतं. पडलेलं पाणी तळाला जातं, थोडं पुढे वर उसळतं आणि वरचा थर उलटा फिरून भिंतीकडे येतो. त्यात सापडलेली वस्तू रहाटाच्या पोहऱ्यासारखी खाली-वर फिरत राहते. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यामुळे ते माणसाला नीट उचलत नाही, लाइफ जॅकेटसुद्धा तिथे कमी पडतं. नैसर्गिक धबधब्याची कड वाकडीतिकडी असते, कुठेतरी पाणी बाहेर निसटतं आणि माणसालाही निसटता येतं. आम्ही बांधलेली भिंत सरळ असते, त्यामुळे बाजूने सुटायला वाट नसते. आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे पाणी वाढलं की उडी लहान दिसू लागते. दिसायला सोपी, पण आतली उलटी ओढ वाढलेली.

दुसरा, कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. पावसाळा संपला की, साधारण ऑक्टोबरच्या मध्याला, दोन खांबांमधल्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवतात आणि पुढचा पावसाळा तोंडावर आला की बरगे काढतात. म्हणजे तुम्ही सप्टेंबरमध्ये जाल तेव्हा गाळे उघडे असतील. उघडे म्हणून सुरक्षित समजू नका. गाळा दोन मीटरच्या आसपास रुंद, आणि तुमची बोट त्याहून लांब. बोट आडवी झाली की दोन खांबांवर टेकेल आणि मागचं सगळं पाणी तिला दाबून धरेल. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन वजन. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. ती बोट चार माणसांनी ओढूनही हलत नाही. गाळ्यात एखादा बरगा तसाच राहिलेला असला तर आणखी वाईट.

तिसरा, फरशी पूल. खाली सिमेंटचे पाइप, वर रस्ता. पाण्याची पातळी पाइपच्या वर गेली की पाइप दिसत नाहीत, पण ओढतात. वरच्या तोंडाला ओंडके, पाचट, तारा अडकलेल्या असतात. माझ्या मते हा तिघांत सगळ्यात धोकादायक.

तिन्ही ठिकाणी एकच करायचं. खूप आधी काठाला लागायचं आणि बोट उचलून पलीकडे न्यायची. तिथे कौशल्याचा प्रश्नच येत नाही.

सह्यभटक्या

काका, नमस्कार. तुमचा हा प्रतिसाद छापून प्रत्येक ग्रामपंचायतीत लावायला हवा. फरशी पुलावरून मोटरसायकल घालणाऱ्यांनाही तो लागू आहे.

सांगलीची_होडी

मी सांगलीची. आमच्या घरात होडी आणि वल्हं पिढ्यांपासून आहे. कृष्णेत होड्यांच्या शर्यती होतात, त्या बघायला घाट भरून जातो. वल्हेकऱ्यांचे खांदे एका लयीत पडले नाहीत तर होडी पळत नाही, हे मला चालता येण्याआधी कळलं असावं.

सह्यभटक्या, 'नका करू' हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. लोक पाण्यापासून जितके लांब राहतील तितके अडाणी राहतील, आणि पूर काही कोणाला विचारून येत नाही. आमच्याकडे वाळक्या भोपळ्यावर नाहीतर पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोरं पोहायला शिकायची. पूर आला की गुऱ्हाळाची काहील पाण्यात सोडून तिच्यातून माणसं, कोंबड्या, पोथ्या पलीकडे नेल्याच्या गोष्टी आमच्या आजीकडे होत्या. आता पोहायला येणारी पोरं कमी आणि मोबाईलवर पूर काढणारी जास्त.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसं गेली. कृष्णाकाठ ते विसरणार नाही. माझं म्हणणं एवढंच की वाहत्या पाण्यात उलटल्यावर काय करायचं हे अंगात मुरलेली शंभर पोरं काठावर असली तर ती पुरात कामाला येतात. ओढ्यात कयाक शिकणारी पोरं तशी तयार होतील. म्हणून मला वेण्णाकाठचा हट्ट आवडला.

एक शंका: कयाकच्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पातं, कॅनोच्या वल्ह्याला एकच. आमचं वल्हं एका पात्याचं. मग मला कॅनो सोपी जाईल का?

पश्चिमघाट_पॅडलर

ताई, हाताची समज उपयोगी पडेल, पण ओढ्यासाठी मी कयाकच सांगेन. कॅनोत गुडघ्यांवर बसायचं, एका पात्यानं दोन्ही बाजू सांभाळायच्या. अरुंद पाण्यात लागोपाठ वळणं आली की दोन पाती पटकन साथ देतात. उघड्या कॅनोत पाणीही भरतं. कयाकमध्ये कमरेला स्प्रे स्कर्ट बसवला की आत पाणी येत नाही. मात्र त्या स्कर्टची पुढची पट्टी नेहमी बाहेर दिसली पाहिजे. उलटल्यावर तीच ओढून बाहेर यायचं असतं.

वेण्णाकाठ, तुम्ही फुगवट्यावर रोल शिकला आहात का? उलटल्यावर बोटीतून न निघता कंबर आणि वल्ह्याच्या जोरावर पुन्हा सरळ होणं. ओढ्यात उलटलात तर डोकं तळाच्या दगडांत असतं, म्हणून रोल लवकर झाला पाहिजे. ज्याला निपचित पाण्यात दहापैकी दहा वेळा जमत नाही, त्याला वाहत्या पाण्यात जमणार नाही.

मधली पायरी म्हणून कोलाडला जा. कुंडलिकेला भिऱ्याच्या वीजगृहातून सुटलेलं पाणी येतं, त्यामुळे पाऊस नसतानाही ती ठरावीक वेळी वाहते. पाणी दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचं. सहा श्रेणी असतात, पहिली म्हणजे नुसता हलता प्रवाह आणि सहावी म्हणजे जिवावरचा खेळ. कोलाडला धारेतून बाजूच्या संथ पाण्यात शिरणं, धारेला तिरपं राहून एका काठावरून दुसऱ्या काठाला जाणं, हे सगळं गिरवून घ्या. ओढ्यात हीच दोन कामं शंभरदा करावी लागतात, फक्त जागा फार कमी असते.

वेण्णाकाठ

रोल जमतो, पण दहापैकी दहा अजून नाही. उन्हाळाभर कण्हेरला तेच करतो. कोलाडही ठरलं.

सांगलीची_होडी

आणि आमच्याकडे सरावाला येऊ नका हं. औदुंबर ते डिग्रज पट्ट्यात मगरी आहेत. रोल करून वर आलात तर टाळ्या वाजवायला कोण काठावर पहुडलं असेल ते सांगता येत नाही.

माणदेशी_गडी

पाणी न्हाई ह्याचा आज पहिल्यांदा अभिमान वाटला.

कराडचे_डॉक्टर

वैद्यकीय बाजू थोडक्यात.

वाहत्या पाण्यात बोटीबाहेर पडलात तर उभं राहायचा प्रयत्न करू नका. आपल्याकडे प्रत्येकाचा पहिला विचार तोच असतो, कारण पाणी मांडीएवढंच दिसतं. पाऊल दोन धोंड्यांच्या फटीत अडकतं, मागचं पाणी पाठीवर दाब देतं आणि माणूस मांडीएवढ्या पाण्यात तोंड खाली करून पडतो. उताणे व्हा, पाय पुढे, पावलांची बोटं पाण्याबाहेर, आणि हातांनी काठाकडे सरका. पाणी गुडघ्याच्या खाली आणि संथ झाल्यावरच उभं राहा.

दुसरं, खांदा. वल्हं डोक्याच्या वर मागे गेलं की धार हात मागे ढकलते आणि सांधा निखळतो. कोपर खाली, हात छातीसमोर.

तिसरं, लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे दूषित पाण्यातून होणारा जंतूंचा ताप. पायाला खरचटलेलं असेल आणि शेतातलं पाणी ओढ्यात उतरलेलं असेल तर नंतर ताप आल्यावर अंगावर काढू नका. डॉक्टरला 'ओढ्याच्या पाण्यात होतो' हे आधी सांगा. निदान त्या एका वाक्यावर लवकर होतं.

ढेबेवाडीकर

वांगेच्या खोऱ्यातून. इथे लहानपणी आम्ही ट्रकच्या ट्यूबवर बसून ओढ्याने खाली यायचो. तेव्हा खेकडे पण असे मिळायचे की विचारू नका. काळ्या पाठीचे, रात्री बत्ती लावून धरायचे, आणि आई त्यांचं असं कालवण करायची की...

जावळीचा_वाघ

पाटणकरांचा धागा खेकड्यावर आल्याशिवाय पूर्ण होत नाही. कृती पण टाका.

ढेबेवाडीकर

कृती वेगळ्या धाग्यात टाकतो. मुद्द्याचं लिहितो.

पॅडलर साहेब कड दिसली की उतरून बघा म्हणतात, काका बंधारे टाळा म्हणतात. दोन्ही बरोबर. पण बघायचं तर पाणी असताना कशाला? आपले ओढे एप्रिल-मे महिन्यात आटतात. तेव्हा ओढ्याच्या पात्रातूनच चालत जा. बांधावरून नको, तळातून. पावसाळ्यात जिथे तुमची बोट असणार तिथे तुमची चप्पल असू दे. कुठली पायरी किती उंच, तिच्याखाली डोह आहे की कातळ, रांजण कुठे, फरशीखाली किती पाइप, कोणाच्या कुंपणाची तार पात्रात उतरली आहे, वाळुंजीची खोडं कुठे आडवी झालीत, सगळं उघडं पडलेलं असतं. आमच्या ट्यूबच्या काळात कोण बुडालं नाही त्याचं कारण हेच. आम्ही उन्हाळाभर त्याच पात्रात गुरं घेऊन हिंडायचो, प्रत्येक धोंडा ओळखीचा.

पण हे दरवर्षी करा. २०२१ च्या जुलैमध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळ्याला दरडी आल्या. त्या पावसानंतर आमच्या भागात ओढ्यांच्या जागा बदलल्या, घराएवढे धोंडे जिथे कधी नव्हते तिथे येऊन बसले. जुनी ओळख एका रात्रीत गेली.

पश्चिमघाट_पॅडलर

ढेबेवाडीकर, हे मला कोणी शिकवलं नव्हतं आणि मी कुठे ऐकलंही नव्हतं. हिमालयातल्या नद्या बर्फावर चालतात, उन्हाळ्यात उलट फुगतात, त्यांचा तळ कयाकरला कधीच दिसत नाही. तिथे पाण्याच्या पृष्ठभागावरून खालचा दगड ओळखायला शिकतात. आपल्याला तळ दरवर्षी दोन महिने उघडा मिळतो. पूर्वेकडे उतरणाऱ्या आपल्या छोट्या ओढ्यांचं हे मोठं देणं आहे आणि आपण ते वापरत नाही.

वाळुंजीचा उल्लेख केलात ते फार चांगलं केलंत. पाण्यात झुकलेल्या फांद्या मला धबधब्यापेक्षा जास्त भीतीदायक वाटतात. पाणी आरपार जातं, माणूस अडकतो. उंबर, करंज, निरगुडी, सगळ्यांची तीच गत. मे महिन्यात दिसलेल्या फांद्या सप्टेंबरमध्ये उतरण्याआधी काठाने पुन्हा बघायच्या, कारण मधल्या पुरात नव्या आलेल्या असतात.

सह्यभटक्या

तळातून चालायचं असेल तर मी येतो. हे मनापासून लिहितोय. माझा विरोध पाण्याला नाही, आंधळेपणाला आहे. चालता चालता दोर कुठून टाकता येईल, काठावर पाय रोवून उभं राहायला जागा कुठे आहे, हेही ठरवून घेऊ. प्रत्येक पायरीच्या खाली थ्रो बॅग (दोर भरलेली, फेकायची पिशवी) घेऊन एक माणूस आधी उभा, मग वरचा सुटणार. ज्या पायरीखाली उभं राहायला जागा नाही, ती पायरी चालत पार करायची. आणि एकट्यानं उतरायचं नाही. दोघांनीही नाही. कमीत कमी तिघं पाण्यात आणि दोघं काठावर.

पण एक माझं कायम आहे. हे फोटो टाकून मिरवू नका. बघून उरलेली पन्नास पोरं जुलैमध्ये ट्यूब घेऊन उतरतील.

सांगलीची_होडी

इथे मी तुमच्याशी सहमत नाही. लपवल्यानं पोरं उतरायची थांबत नाहीत, फक्त न शिकता उतरतात. फोटो टाका, पण बोट खांद्यावर घेऊन बंधाऱ्याला वळसा घालतानाचा टाका. हेल्मेट घातलेला टाका. तेच बघू देत.

आणि एक सूचना. आयर्विन पुलाच्या खांबावरच्या फुटांवर आमचं अख्खं शहर चालतं. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २०१९ ला ५७ च्या वर गेलं होतं. सांगलीतलं लहान पोरगंसुद्धा पावसाळ्यात 'किती फूट झालं?' विचारतं. तुमच्या ओढ्यालाही असं एक माप हवं. वरच्या एखाद्या पुलाच्या खांबावर रंगानं फुटाच्या खुणा करा, परवानगी घेऊन. मग 'पाणी बरं वाटतंय' यावर कोणी उतरणार नाही. अमुक खुणेच्या खाली बोट घासते, तमुक खुणेच्या वर गेलं की घरी जायचं, हे दोन हंगामांत कळेल.

सह्यभटक्या

खांद्यावर बोट घेतलेला फोटो चालेल. मान्य.

पाटबंधारे_निवृत्त

मापाची सूचना उत्तम. पण एका खुणेवर विसंबू नका. पाणी किती आहे इतकंच ते चढतंय की उतरतंय हेही महत्त्वाचं. त्याच खुणेला चढतं पाणी असेल तर उतरायचं नाही. अर्धा तास थांबून खूण बघा. गढूळ झालं, पाचोळा वाहत यायला लागला, म्हणजे वर पाऊस झालाय.

आणखी एक, आधी कोणी धरणाखालच्या पाण्याचा विचार करत असेल तर. कोयनेच्या पायथा वीजगृहातून दोन्ही युनिट चालू असली की २१०० क्युसेक पाणी नदीत येतं, आणि पावसाळ्यात दरवाजे उघडले की आकडा हजारोंनी वाढतो. भोंगा वाजतो, गावांना इशारा जातो. त्या काळात पात्रात कोणीही नसावं, मग तो कितीही शिकलेला असो.

ढेबेवाडीकर

आणि परवानगीचं? कोयनेच्या बाजूला सोळशी-कांदाटीच्या खोऱ्यात जायचं कोणाच्या मनात असेल तर तो अभयारण्याचा, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा मुलूख आहे. वनखात्याला विचारल्याशिवाय तिकडे बोट नेऊ नका.

वेण्णाकाठ

नाही, तिकडे नाही. केळघर ते मेढा एवढंच, गावांच्या मधलं पाणी.

सगळं वाचून ठरवलंय ते असं. मेच्या पहिल्या पंधरवड्यात तळातून चालायचं, एका दिवसात नाही, पुलापासून पुलापर्यंत तुकडे करून. प्रत्येक पायरी, बांध, फरशी, तार, झाड वहीत नोंदवायचं. पात्राला लागून ज्यांची शेतं आहेत त्यांना भेटायचं, कुठे काठाला लागलो तर चालेल का ते विचारायचं. पुलावरच्या खुणांसाठी ग्रामपंचायतीत अर्ज करायचा. मग कोलाड. मग मघा लागल्यावर फक्त सगळ्यात वरचा सोपा तुकडा, आणि तोही खुणेवर पाणी उतरतं असेल तरच. पूर्ण केळघर ते मेढा या वर्षी नाही झालं तरी चालेल.

बोट नवी लगेच परवडणार नाही. घडी घालून पाठीवर घेता येणारा, हवा भरायचा, तीन-चार किलोचा पॅकराफ्ट मिळतो असं ऐकलंय. पहिल्या वर्षी त्यावर चालेल का?

पश्चिमघाट_पॅडलर

सोप्या तुकड्यात चालेल. दगडावर आपटला तर उडी घेतो, फिरून जातो, नवशिक्याला माफ करतो. पण वाऱ्यात आणि भोवऱ्यात हलका पडतो, आणि बाभळीच्या काट्याला त्याच्याकडे उत्तर नाही. दुरुस्तीची पट्टी सोबत ठेवा. हेल्मेट आणि लाइफ जॅकेटवर मात्र पैसे वाचवू नका. बोटिंगला देतात ते सैल नारिंगी जॅकेट धारेत डोक्यावरून निघून जातं. कमरेला आणि खांद्याला घट्ट बसणारंच घ्या. मे महिन्यात मी येतो, मोजायची टेप आणि लेव्हल माझ्याकडे आहे.

सांगलीची_होडी

मी पण येते. पंचावन्न फुटी दोर आहे घरात, होडीचा.

कराडचे_डॉक्टर

प्रथमोपचाराची पेटी माझ्याकडून. एखाद्या रविवारी ठेवा.

कुडाळी_खोरे

येताय तर सकाळच्या पारी या. मे म्हयन्यात दुपार कलली की वळवाचा भरवसा न्हाई, कोरड्या वड्यालाबी तासाभरात लोंढा येतो. बारा वाजायच्या आत पात्रातनं बाहेर. आन फरशीच्या पायपात हात घालून बघू नका, उन्हाळ्यात गारव्याला घोणस तितंच बसलेली असती. काठी आना.

पाटबंधारे_निवृत्त

चालून झाल्यावर प्रत्येक बंधाऱ्याची नोंद मला इथेच द्या: सलग भिंत की गाळे, गाळे किती, खाली काँक्रीटचा ओटा आहे का, आणि कोणत्या काठाने बोट उचलून नेता येते. बरगे कधी काढतात ते पाटबंधारे खात्याच्या तिथल्या शाखेत विचारा. तारीख दरवर्षी थोडी मागेपुढे होते आणि एखाद्या गाळ्याचे बरगे काढायचे राहून जातात, म्हणून सप्टेंबरमध्ये उतरायच्या आदल्या दिवशी प्रत्येक गाळा स्वतः डोळ्यांनी बघायचा.